एकाच नियमाची दोन लेकरं: मर्सिडीज १९०ई २.३-१६ आणि बीएमडब्ल्यू एम३

आधी दोन्ही गाड्यांची कुंडली मांडतो.

पहिली: इंजिन पुढे, चार सिलिंडर, २२९९ सीसी, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, टर्बो नाही, १८५ अश्वशक्ती, पाच गिअर, जोर मागच्या चाकांवर, कमाल वेग ताशी २३० किलोमीटर. दुसरी: इंजिन पुढे, चार सिलिंडर, २३०२ सीसी, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, टर्बो नाही, २०० अश्वशक्ती, पाच गिअर, जोर मागच्या चाकांवर, कमाल वेग ताशी २३५ किलोमीटर. पहिला गिअरसुद्धा दोघींत एकाच अडनिड्या जागी, डावीकडे खाली. छत्तीस गुण जुळले म्हणायला हरकत नाही.

पहिली आहे श्टुटगार्टची मर्सिडीज-बेंझ १९०ई २.३-१६. दुसरी म्युनिकची बीएमडब्ल्यू एम३, म्हणजे पहिल्या पिढीची, जिला जाणकार ‘ई३०’ या कंपनीतल्या सांकेतिक नावाने ओळखतात. एक १९८३ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली, दुसरी १९८५ साली त्याच प्रदर्शनात. त्या दिवसापासून ‘कोणती भारी’ हा वाद सुरू आहे आणि बहुतेक जण निकाल एम३च्या बाजूने देतात. शर्यतींचा हिशेब पाहिला तर तो चूकही नाही. माझी तक्रार एवढीच, की हा निकाल बोनेट उघडून आणि मागचा पंख (वेगात गाडीला रस्त्यावर दाबून धरतो तो) बघून दिला जातो. या दोघींमधला मोठा फरक ज्या जागी आहे, तिथे बघायला गाडीखाली वाकावं लागतं.

पण त्याआधी एक साधा प्रश्न. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन कंपन्यांनी जवळपास एकाच मापाची गाडी कशी काय बनवली?

नियम असा होता

१९८२ पासून मोटार शर्यतींमध्ये ‘ग्रुप ए’ नावाचा गट सुरू झाला. त्याचा गाभा एका वाक्यात मावतो: जे शर्यतीत पळवायचं, ते आधी दुकानात विकून दाखवा. बारा महिन्यांत तशा ५,००० गाड्या बनवल्या, की गाडीला शर्यतीचा परवाना मिळे. याला होमोलोगेशन म्हणतात. एकदा परवाना मिळाला, की पुढे सुधारणा करायची सोय होती, पण तीही फुकट नाही. सुधारलेल्या रूपाच्या आणखी ५०० गाड्या बनवायच्या. या सुधारित आवृत्तीला ‘इव्होल्यूशन’ म्हणत.

म्हणजे शर्यतीत मागे मोठा पंख हवा असेल, तर तोच पंख लावलेली गाडी एखाद्या दंतवैद्यालाही विकावी लागणार. त्याने ती रोज दवाखान्यात न्यावी किंवा मुलांना शाळेत सोडावं, नियमाला त्याच्याशी देणंघेणं नाही. ऐंशीच्या दशकातल्या युरोपातल्या कित्येक विचित्र दिसणाऱ्या गाड्यांचं मूळ या एका अटीत आहे. डिझायनरला वेड लागलेलं नव्हतं.

दुसरी अट मापाची. इंजिन जितकं मोठं, तितकं गाडीचं किमान वजन जास्त ठेवावं लागे आणि तितकी चाकं रुंद लावता येत. टर्बो लावला तर कागदावर इंजिनाचा आकार गुणून मोठा धरला जाई. या सगळ्याची गोळाबेरीज केली, की अडीच लिटरच्या आतलं, टर्बो नसलेलं, हलकं चार सिलिंडरचं इंजिन हा एक चांगला मध्यबिंदू निघत होता. दोन्ही कंपन्यांच्या इंजिनिअरांनी तेच गणित सोडवलं आणि उत्तर जवळपास तेच आलं. तीन सीसीचा फरक पडला, इतकंच.

पहिला गिअर डावीकडे खाली का, त्याचंही उत्तर इथेच आहे. शर्यतीत पहिला गिअर फक्त सुटताना लागतो. नंतर सगळी घालमेल दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा यांच्यात. पहिल्याला कोपऱ्यात बसवलं, की दुसरा-तिसरा एका सरळ रेषेत येतात आणि हात न वळवता गिअर पडतो. ट्रॅकवर झकास. सिग्नलला, जिथे सारखा पहिला गिअर लागतो, तिथे त्रास.

मर्सिडीज: शर्यत राहिली, इंजिन उरलं

मर्सिडीजचं शर्यतीशी नातं अवघडलेलं होतं. १९५५ साली फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत त्यांची एक गाडी प्रेक्षकांमध्ये घुसली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्या वर्षाअखेर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतलं आणि पुढची अनेक वर्षं कारखान्याचा संघ म्हणून ती ट्रॅककडे फारशी फिरकली नाही. सत्तरच्या दशकात लांब पल्ल्याच्या रॅलींमध्ये मात्र तिने पुन्हा पाय टाकला होता.

१९८२ च्या शेवटी १९० हे छोटं मॉडेल आलं. लोकांनी लगेच ‘बेबी बेंझ’ नाव ठेवलं. या छोट्या गाडीला रॅलीत उतरवायचं ठरलं आणि इंजिनाचं काम इंग्लंडमधल्या कॉसवर्थ कंपनीकडे गेलं. कॉसवर्थ म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये १५५ शर्यती जिंकलेल्या ‘डीएफव्ही’ इंजिनाचे कर्ते. त्यांनी मर्सिडीजचा खालचा ब्लॉक तसाच ठेवून वरचं हेड नवीन बनवलं, सोळा व्हॉल्व्हचं.

तोवर रॅलीचं जग बदलून गेलं होतं. ऑडीची क्वाट्रो आली होती: टर्बो आणि चारही चाकांना जोर. चिखलात आणि बर्फात तिच्यापुढे मागच्या दोन चाकांवर चालणारी, टर्बो नसलेली गाडी म्हणजे नुसती फरफट. मर्सिडीजने रॅलीचा बेत गुंडाळला. हातात एक उत्कृष्ट इंजिन राहिलं, आणि ते १८५ अश्वशक्तीपर्यंत मवाळ करून रस्त्यावरच्या गाडीत बसवलं गेलं.

मवाळ म्हणजे किती, तर त्याच ब्लॉकच्या साध्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनातून १३६ अश्वशक्ती निघत होती. फक्त वरचं डोकं आणि त्याच्या सोबतचे भाग बदलून पस्तीस टक्क्यांवर वाढ. ती कशी, हे समजून घेण्यासारखं आहे.

पातेल्यावरचं झाकण जरासं उचललं, की वाफ कुठून निघते? झाकणाच्या कडेने. व्हॉल्व्हचं तसंच आहे. तो जेमतेम सेंटिमीटरभर उचलला जातो आणि हवा त्याच्या कडेच्या फटीतून आत शिरते. म्हणजे झाकण किती मोठं यापेक्षा कड किती लांब हे महत्त्वाचं. चार इंची एक झाकण घेतलं तर कड साडेबारा इंच. त्याऐवजी तीन इंची दोन घेतली तर कड जवळपास एकोणीस इंच. एका मोठ्या व्हॉल्व्हऐवजी दोन लहान लावले, की तेवढ्याच उचलण्यात बरीच जास्त हवा जाते. शिवाय लहान व्हॉल्व्ह हलके असतात, त्यामुळे इंजिन जोरात फिरतानाही स्प्रिंग त्यांना वेळेवर जागेवर आणते. आणि चार व्हॉल्व्हच्या मधोमध स्पार्क प्लगला नेमकी जागा मिळते. जाळ मध्यावर पेटतो आणि सगळीकडे सारखा पसरतो. एकूण काय, श्वास मोकळा.

गाडी बाजारात येण्याआधी मर्सिडीजने एक प्रयोग केला, ज्याचं मला आजही कौतुक वाटतं. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीच्या टाचेपाशी असलेल्या नार्दो इथल्या साडेबारा किलोमीटरच्या गोल ट्रॅकवर तीन गाड्या सोडल्या. पेट्रोल भरायला आणि चालक बदलायला थांबायचं, बाकी दिवसरात्र पळायचं. ५०,००० किलोमीटर, सरासरी वेग ताशी २४७.९४ किलोमीटर. हिशेब केला तर आठ दिवस आणि जवळपास दहा तास होतात. पृथ्वीला विषुववृत्तावरून सव्वा फेरी. गाड्यांत किरकोळ बदल केले होते, पण इंजिन त्याच जातीचं. एखादी गाडी एक मिनिट २४८ ने पळाली याचं काय मोठंसं? सव्वा आठवडा पळाली, यात कंपनीचा स्वभाव दिसतो.

मग १२ मे १९८४. न्युरबर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू होत होता. मर्सिडीजने वीस सारख्या १९०ई आणल्या आणि फॉर्म्युला वनच्या आजी-माजी चालकांना त्यांत बसवलं. निकी लाउडा होता, अ‍ॅलन प्रॉस्ट होता, जेम्स हंट, स्टर्लिंग मॉस, जॅक ब्रॅबम होते. जिंकला त्या वर्षीच फॉर्म्युला वनमध्ये आलेला चोवीस वर्षांचा एक ब्राझिलियन मुलगा, आयर्टन सेना. दुसरा लाउडा. सारख्या गाड्या, ओला रस्ता, त्यामुळे सबबींना जागा नव्हती. ती गाडी आज श्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे.

बीएमडब्ल्यू: सहामधून दोन गेले

बीएमडब्ल्यूचा रस्ता उलटा होता. मर्सिडीजने शर्यतीसाठी आखलेलं इंजिन घरगुती गाडीत बसवलं. बीएमडब्ल्यूने पहिल्या दिवसापासून शर्यतीची गाडी मनात धरली आणि नियमापुरती ती नंबरप्लेट लावून विकली.

कंपनीचे प्रमुख एबरहार्ड फॉन कुएनहाइम यांनी इंजिनांचे जाणकार पाउल रोशे यांना कंपनीच्या ३ सिरीज या छोट्या गाडीसाठी जोमदार इंजिन बघायला सांगितलं. हे रोशे म्हणजे ज्यांच्या टर्बो इंजिनावर नेल्सन पिके १९८३ चा फॉर्म्युला वन विजेता झाला ते. त्यांनी शून्यापासून सुरुवात केली नाही. बीएमडब्ल्यूकडे एम१ या स्पोर्ट्स कारसाठी बनवलेलं चोवीस व्हॉल्व्हचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि चार सिलिंडरचा एक जुना, दणकट ब्लॉक होता, तोच ज्याच्यावरून फॉर्म्युला वनचं इंजिन बनलं. दोन्हींमध्ये सिलिंडरांमधलं अंतर सारखं. मग सहा सिलिंडरच्या हेडमधून दोन सिलिंडरांचा भाग कापला, उघडी पडलेली बाजू पत्र्याने बंद केली आणि ते हेड चारच्या ब्लॉकवर चढवलं. पहिला नमुना दोन आठवड्यांत तयार.

हे सांगोवांगीचं वाटेल, पण आकडे साक्ष देतात. एम१चं इंजिन ३४५३ सीसी. त्याला सहाने भागा आणि चारने गुणा. २३०२ येतात. पिस्टनचा व्यास ९३.४ मिलिमीटर, वर-खाली जाण्याचं अंतर ८४ मिलिमीटर, दोन्ही जशीच्या तशी.

आणखी एक फरक इथे नोंदवायला हवा. मर्सिडीजमध्ये चारही सिलिंडरांना मिळून हवेचं एकच दार आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते उघडतं. एम३मध्ये दर सिलिंडरचं स्वतःचं दार, सिलिंडरच्या अगदी तोंडाशी. पाय हलला की इंजिन लगेच उत्तर देतं. गोंगाटही जास्त करतं. मर्सिडीजचं इंजिन त्या मानाने शांत आणि खालच्या वेगात समजूतदार.

पत्रा का बदलला

एम३ लांबून साध्या ३ सिरीजसारखी दिसते. प्रत्यक्षात बोनेट, दारं आणि छत सोडलं तर बाहेरचा जवळपास सगळा पत्रा वेगळा आहे. मडगार्ड फुगवले कारण शर्यतीची रुंद चाकं आत मावायला हवीत. ते समजतं. पण मागची काच कशासाठी बदलली?

पंखाला काम करायला वाहती हवा लागते, तीही सलग आणि न फाटलेली. साध्या ३ सिरीजची मागची काच चांगलीच उभी होती. छतावरून आलेली हवा तिथे पत्र्याला सोडून द्यायची आणि मागे भोवरे व्हायचे. भोवऱ्यात पंख लावणं म्हणजे पाणी नसलेल्या ओढ्यात पाणचक्की लावणं. म्हणून काच जरा झोपवली, तिच्या बाजूचे खांब मागे पसरट केले आणि डिकीचं झाकण सुमारे ४ सेंटिमीटर वर उचललं. आता हवा काचेवरून घसरत पंखापर्यंत पोचते. बघणाऱ्याला हा फरक पटकन सांगताही येत नाही. फक्त गाडी उगाच रागावल्यासारखी दिसते.

मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचे प्रमुख ब्रूनो साक्को यांनी १९०ला मुळातच हवेशी जमवून घेणारं अंग दिलं होतं, त्यामुळे २.३-१६ मध्ये फक्त पुढे-मागे पट्ट्या आणि बेताचा पंख जोडून भागलं. चार दारं तशीच राहिली. मागे दोन माणसांसाठी खोलगट आसनं. हवा असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मिळे! एम३ला दोन दारं आणि ऑटोमॅटिकचं नाव नाही. ती सुमारे १,२०० किलोची. मर्सिडीज थोडी जड. शून्य ते शंभर एम३ ६.७ सेकंदांत, मर्सिडीज साडेसातच्या आसपास. हा फरक पंधरा अश्वशक्तींइतकाच त्या वजनाचाही आहे.

आता गाडीखाली वाका

इथे जरा वेळ काढणार आहे.

मागचं चाक गाडीला कसं धरलेलं असतं? ते खड्ड्यात गेलं की वर-खाली व्हायला हवं, पण वळणावर वाकडं व्हायला नको. बीएमडब्ल्यूने यासाठी तेव्हा सर्रास वापरात असलेली रचना ठेवली. दर चाकाला एक जाडजूड तिकोनी बाहू, आणि तो बाहू गाडीच्या तळाला एका तिरक्या बिजागरीवर टांगलेला. साधं, स्वस्त, मजबूत.

अडचण त्या तिरकेपणात आहे. जुन्या घरातलं बिजागरी खचलेलं दार आठवा. ढकललं की ते नुसतं उघडत नाही. उघडता उघडता खालीही जातं आणि कोपरा फरशीला घासतो. दोन हालचाली एकमेकींना बांधलेल्या असतात, एक झाली की दुसरी होणारच. तिरक्या बिजागरीवरच्या चाकाचं तेच होतं. ते वर गेलं की त्याचा कलही बदलतो आणि त्याचं तोंडही किंचित फिरतं. वळणात जोरात असताना चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की वजन पुढे सरकतं, मागची बाजू उचलली जाते, दोन्ही मागची चाकं खाली लोंबतात, कल बदलतो, तोंडं जराशी बाहेर वळू बघतात आणि शेपूट बाहेर येतं. कसलेल्या चालकाला याचा उपयोग करता येतो. बाकीच्यांची गाडी उलट्या तोंडाने शेतात.

मर्सिडीजने १९०साठी वेगळाच विचार केला. एखादी वस्तू हवेत मोकळी असेल तर तिला सहा प्रकारे हलता येतं: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, आणि या तिन्ही दिशांभोवती फिरणं. चाक ज्या ठोकळ्यावर बसतं तो ठोकळा अशी मोकळी वस्तू समजा. (चाकाचं स्वतःभोवती गरगरणं वेगळं, ते यात धरायचं नाही.) दोन्ही टोकांना सांधा असलेली एक दांडी त्या ठोकळ्याला लावली, की त्याची एक हालचाल बंद होते. दुसरी दांडी, दुसरी हालचाल बंद. अशा पाच दांड्या लावल्या तर पाच हालचाली गेल्या. सहातून पाच गेले, एक उरली: वर-खाली. नेमकी हवी तीच.

यात विशेष काय, एका बिजागरीनेही एकच हालचाल उरते ना? उरते, पण तिची वाट बिजागरी ठरवते आणि तुम्हाला ती मुकाट्याने मान्य करावी लागते. पाच सुट्या दांड्यांमध्ये प्रत्येकीची लांबी, प्रत्येकीचा कोन आणि प्रत्येक टोकाचं रबर तुमच्या हातात असतं. चाक वर जाताना किती कलावं, ब्रेक दाबल्यावर तोंड कुठे असावं, हे जवळजवळ स्वतंत्रपणे ठरवता येतं. ब्रेक दाबला की चाकं सरळ राहतील आणि तरी खड्ड्याचा दणका आतल्या माणसांना कमी बसेल, अशी एरवी एकमेकींच्या विरोधातली दोन कामं एका रचनेत बसली. ही जुळणी करायला किती गणित आणि किती चाचण्या लागल्या असतील याची कल्पना करा. आणि हे कुठल्या खास मॉडेलसाठी नव्हतं, टॅक्सीवाला घेई त्या सर्वांत स्वस्त डिझेल १९०च्या खालीसुद्धा हीच रचना होती.

मग प्रश्न उरतो, की इतकी चांगली रचना असून ट्रॅकवर एम३ने मार कसा दिला? कारण शर्यतीच्या गाडीला स्प्रिंगा दगडासारख्या कडक असतात. चाक वर-खाली फार होतच नाही. दार जेमतेम बोटभर उघडणार असेल, तर बिजागरी खचली आहे की नाही याने काय फरक पडतो? ट्रॅकवर बीएमडब्ल्यूचा दोष झाकला गेला आणि हलकेपणा व चटपटीत इंजिन उपयोगी पडलं. खड्डे, पाऊस, ओझं, झोपाळलेला चालक अशा रस्त्यावरच्या परिस्थितीत पाच दांड्यांची किंमत कळते.

मारामारी

१९८७ साली एम३ने जे केलं त्याला तोड नाही. जागतिक टूरिंग कार (म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या) स्पर्धेत रोबेर्तो रावालिया विजेता. युरोपातली स्पर्धाही एम३ची. जर्मनीच्या डीटीएम मालिकेत एरिक फान दे पूल विजेता, तोही एकही शर्यत न जिंकता, नुसते गुण साठवून. कोर्सिका बेटावरच्या डांबरी रॅलीत बर्नार बेगँ पहिला. ज्या रॅलीच्या स्वप्नातून मर्सिडीजचं इंजिन जन्मलं, ती रॅली एम३ने जिंकावी, हा नशिबाचा चिमटा.

मर्सिडीज मग चिडून उठली. १९८८ मध्ये इंजिन अडीच लिटरचं झालं, २४९८ सीसी. पुढच्याच वर्षी ‘इव्होल्यूशन’ आली, आणि तिचं इंजिन लहान, २४६३ सीसी! वाढवायचं सोडून कमी का केलं? कारण पिस्टनचा प्रवास. आधीच्या इंजिनात पिस्टन दर खेपेला ८७.२ मिलिमीटर जायचा. इंजिनाच्या मिनिटाला ७,००० फेऱ्या होत असताना त्याचा सरासरी वेग सेकंदाला वीस मीटरच्या वर जातो, आणि प्रत्येक टोकाला तो पूर्ण थांबून उलटा फिरायचा असतो. धातूवर येणारा ताण विचारू नका. नव्या इंजिनात पिस्टनचा व्यास ९७.३ केला आणि प्रवास ८२.८ वर आणला. आकारात थोडं सोडलं, फेऱ्यांमध्ये कमावलं. आखूड पावलं टाकणारा माणूस जास्त वेळ भरभर चालू शकतो, तसं.

१९९० मध्ये ‘इव्होल्यूशन २’ आली: २३५ अश्वशक्ती आणि मागे असा पंख की गाडी बघणाऱ्याने आधी पंख बघावा, मग गाडी. श्टुटगार्ट विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड एप्लर यांचा त्यात हात होता. हा पंख बघून बीएमडब्ल्यूच्या एका वरिष्ठाने म्हटलं होतं, की हा चालत असेल तर आम्हाला आमचा हवा-बोगदाच (गाडीवर वारा सोडून तपासायची जागा) बदलावा लागेल, असा किस्सा सांगतात. पंख चालला. ५०० ची अट, म्हणून ५०२ गाड्या बनल्या आणि जवळपास सगळ्या निळसर काळ्या. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने २३८ अश्वशक्तीच्या ६०० ‘स्पोर्ट इव्होल्यूशन’ काढल्या, २४६७ सीसीच्या. चार सीसीचा फरक. पुन्हा तेच गणित, पुन्हा तेच उत्तर.

१९९२ च्या डीटीएममध्ये क्लाउस लुडविग विजेता झाला आणि पहिल्या तिन्ही जागा मर्सिडीजच्या. त्याच मोसमात होकेनहाइमला एलन लोर हिने १९०ई चालवून शर्यत जिंकली. डीटीएममध्ये शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

तर मग कोणती?

चालवायला मिळाली तर सकाळी एम३ घेईन, हे कबूल. चार सिलिंडर, चार दारं आणि सात हजाराच्या पुढचा तो घसा फाडणारा आवाज ऐकायला कोणाला नको असेल. (दारं म्हणजे हवेची, वर सांगितली ती.) रात्री चारशे किलोमीटर घरी जायचं असेल तर किल्ली मर्सिडीजची मागेन. आता यातलं काही प्रत्यक्षात जमणं कठीण, कारण ‘इव्होल्यूशन’ आवृत्त्या आज कोटींच्या घरात विकल्या जातात आणि घेणारे त्यांना पावसात काढत नाहीत. दंतवैद्याला शाळेच्या फेरीसाठी विकलेल्या गाड्या.

पण ‘कोणाचं पुढे काय झालं’ असं विचारलंत, तर मी मर्सिडीजच्या बाजूने उभा राहीन. एम३चं चार सिलिंडरचं इंजिन पुढच्या पिढीत राहिलं नाही. १९९२ ची एम३ सहा सिलिंडरची झाली. १९९० मध्ये आलेल्या नव्या ३ सिरीजमध्ये बीएमडब्ल्यूने तो तिरका बाहूही सोडला आणि मागच्या चाकांना अनेक दांड्यांची रचना दिली. श्टुटगार्टच्या वाटेने म्युनिक गेलं, याची जाहिरात अर्थातच कोणी केली नाही.

१९०ई भारतात कधी बनली नाही. तिच्या मागच्या पाच दांड्या मात्र आल्या. १९०नंतर मर्सिडीजने हीच रचना डब्ल्यू१२४ या मोठ्या गाडीला दिली, आणि १९९५ मध्ये मर्सिडीजने पुण्यात पिंपरीला गाड्या जोडायला सुरुवात केली तेव्हा पहिलं मॉडेल हेच होतं. त्या गाड्यांपैकी एखादी अजून कोथरूडच्या किंवा डेक्कनच्या एखाद्या बंगल्यात कापडाखाली उभी असेल. गॅरेजवाल्याने ती लिफ्टवर चढवली की मागच्या चाकाशी बोट ठेवून मोजता येतील. एक, दोन, तीन, चार, पाच.